अमावास्येचं अपग्रेड

तीनपैकी तीन चालू

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला लावलेला दगड.

"गुरुजी, अमावास्या किती वाजता लागते? आणि सुटते कधी?" हा फोन दर महिन्याला मी करायचे. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंग.

तीनशे सेकंद. एखाद्याला उठायला एवढा वेळ पुरेल, असं मी एका ओळीत लिहिलं होतं आणि विसरून गेले होते.

पोह्यांवर पिळायचं राहून गेलेलं लिंबू.

चारशे माणसांचं हसू, फोनमधून.

"हात काढ कीबोर्डवरून."

हे सगळं एकाच सकाळचं आहे. सहा वर्षांपूर्वीची वैशाखातली अमावास्या, नाशिकला औषधाच्या दुकानावरचं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस, वेळ सकाळी नऊ.

आमची कंपनी अकरा बाजार समित्यांचं सॉफ्टवेअर चालवायची. कांद्याचा ट्रॅक्टर फाटकातून आत आला की टोकन, टोकनाच्या क्रमानं लिलाव, लिलाव झाला की वजनकाटा. सगळ्याची नोंद एका डेटाबेसमध्ये. त्या डेटाबेसच्या तीन प्रती होत्या आणि प्रत्येक प्रत आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे सीलबंद डब्यात म्हणा. एक मुख्य, दोन सोबती. मुख्यानं लिहिलेलं निदान एका सोबत्यानं उतरवून घेतलं तरच नोंद पक्की, असा आमचा नियम. या तिघांवर नजर ठेवायला वेगळा एक प्रोग्रॅम होता. कोण जागा आहे, कोण पडला, पडला असेल तर उठवा, एवढंच त्याचं काम. कागदोपत्री त्याला ऑपरेटर म्हणतात. गायधनी काका त्याला मुकादम म्हणायचे.

काका सत्तावीस वर्षं साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्यात काढून निवृत्त झाले आणि आमच्याकडे आले. मी, इंद्रायणी कोठावदे, त्यांच्या हाताखाली. आमचे मालक खैरनार सर. ते देवबीव काही मानायचे नाहीत, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर महिन्याची अमावास्या तांबड्या पेनानं गोल करून ठेवायचे. डेटाबेसची मोठी दुरुस्ती करायची तर बाजार बंद हवा. रविवारी दोन समित्यांत भाजीपाला असायचा, रात्री ट्रक भरून निघायचे. अमावास्येला मात्र अकराच्या अकरा ठिकाणी शुकशुकाट. पिढ्यान्‌पिढ्या त्या दिवशी कांद्याचा लिलाव नाही. हमाल येत नाहीत, व्यापारी येत नाहीत, शेतकरी घराबाहेर माल काढत नाही.

"देवानं दिलेली सुट्टी आहे," सर म्हणायचे. "देव नसला म्हणून सुट्टी का सोडायची?"

त्या दिवशी डेटाबेसची आवृत्ती बदलायची होती. आधी मुकादम नवा करायचा. मग नवा मुकादम एका सोबत्याला झोपवणार, नव्या आवृत्तीत उठवणार, मग दुसऱ्याला, शेवटी मुख्याला. काम चाळीस मिनिटांचं. चाचणीत चार वेळा करून पाहिलं होतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी नवा मुकादम कामावर रुजू झाला. काका म्हणाले, "घे सुरू कर. मी खालून पोहे घेऊन येतो. लिंबू वेगळं आणू ना?"

"वेगळं."

मी पहिल्या सोबत्याला झोपवलं.

तीनपैकी दोन चालू

तो उठायला लागला. पडला. मुकादमानं पुन्हा उठवला. पुन्हा पडला.

"काय गं?" खैरनार सरांनी आतल्या खोलीतून विचारलं.

"उठतोय, सर."

तिसऱ्यांदा पडला.

आता हे लिहिताना स्पष्ट दिसतं की तिथंच थांबायला हवं होतं. पण बाजार बंद होता. अकरा आवारांत कुत्रं नव्हतं. मला वाटलं, नवा मुकादम जुन्या सोबत्याशी जमवून घेत नसेल, दुसऱ्यालाही नवा केला की दोघं एकदम उठतील. वाट बघायची ती एकदाच बघावी. बाजार चालू असता तर मी असं स्वप्नातही केलं नसतं.

मुकादम दुसऱ्याला हात लावायला तयार नव्हता. पहिला उठल्याशिवाय दुसरा नाही, हा त्याचा नियम. मी तो नियम बाजूला करायची ओळ लिहिली.

एंटर.

तीनपैकी एक चालू

फोन वाजला. सोनगव्हाण बाजार समिती, फाटकावरचा टोकन कारकून, सुदाम गुंजाळ.

"मॅडम, मशीन आडलं. टोकन निघंना."

"गुंजाळ, आज कसलं टोकन? आज अमावास्या आहे."

"हा ना, अमावास्याच. दोनशे चौदा गाड्या आत घेतल्या आन् आडलं. बाहेर अजून तेवढ्याच उभ्या हायेत, पार हायवेपर्यंत."

मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याच्या मागे एका ट्रॅक्टरनं लांबलचक हॉर्न वाजवला, त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं.

"कुणी बोलावलं त्यांना?"

"ताराताईंनी! आजपासून अमावास्येचा लिलाव सुरू केलाय ना आमच्यात. तुमाला ठाऊक नाही?"

ताराताई ढोमसे तीन महिन्यांपूर्वी सोनगव्हाणच्या सभापती झाल्या होत्या. कांदा काढून पडलाय, ऊन तापतंय आणि महिन्यात एक दिवस बाजार उगाच बंद का, असं लोकांनीच त्यांना विचारलं होतं. त्यांनी ठराव आणला. संचालकांतले सगळ्यांत जुने दगूनाना विरोधात उभे राहिले. म्हणाले, काही वाकडं झालं तर कोण जबाबदार? ठराव एका मतानं निघाला. म्हणजे त्या दिवशी चारशे ट्रॅक्टर आणि सबंध तालुका एवढंच बघायला आला होता की अमावास्येला लिलाव होतो की नाही. नाही झाला तर पुढची पन्नास वर्षं कुणी त्याचं नाव काढणार नव्हतं, आणि ताराताईंना तर नाहीच काढू देणार.

हे सगळं गुंजाळनं एका दमात सांगितलं. तेवढ्यात काका पोह्यांच्या बश्या घेऊन वर आले. त्यांची नजर पडद्यावर गेली.

"दुसऱ्याला कुणी झोपवलं?"

"मी."

"का?"

"वेळ वाचावा म्हणून."

"वाचला?"

त्यांनी बश्या खाली ठेवल्या, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि नोंदी वाचायला लागले. खैरनार सर बाहेर आले. मी त्यांना सोनगव्हाणचं सांगितलं. ते आधी दिनदर्शिकेकडे बघायला गेले, तांबडा गोल आहे का ते. गोल होता.

"अगं," काका म्हणाले, "हा पडत नाहीये. ह्याला मारतायत."

"कोण?"

"मुकादम. हा उठून जुन्या नोंदी नव्या पद्धतीनं लावून घेतोय. मुकादम दर दहा सेकंदांनी विचारतोय, उठलास का? हा कामात, बोलत नाही. पाच मिनिटं झाली की मुकादम म्हणतो, मेला, आणि ह्याला मारून पुन्हा पहिल्यापासून उठवतो. पाच मिनिटं कुणी ठरवली?"

"मी. चाचणीत दीड मिनिटात उठला होता."

"चाचणीत नोंदी किती?"

"दोन हजार."

"आणि इथं?"

"दोन कोटी," मी म्हटलं.

फोन चालूच होता. "मॅडम, दहाला लिलाव हाय," गुंजाळ म्हणाला. "लोक इचारायलेत."

खैरनार सर म्हणाले, "कालची राखून ठेवलेली प्रत आहे ना? सगळं मागं घ्या. पंधरा मिनिटांत जुनं चालू होईल."

"होईल," काका म्हणाले. "पण आज सकाळपासून आत आलेल्या दोनशे चौदा गाड्या त्यात नसतील. मशीनच्या लेखी त्या आल्याच नाहीत."

गुंजाळनं ते ऐकलं. "आवो साहेब, आसं नका करू! त्या गाड्या बाहेर काढून पुन्हा आत घ्यायच्या? आवारात ट्रॉली वळवायला जागा नाही. चाकांना दगड लावून लोक सावलीला गेलेत. आजचा दिवस गेलाच म्हणायचा मंग."

"मग सोबत्याची अट काढा," सर म्हणाले. "एकट्या मुख्यावर चालवू."

"ती अट काढायला मुख्याला एकदा झोपवून उठवावं लागतं," काका म्हणाले. "आणि आज आपल्याकडे झोपलेला उठत नाहीये."

मग काकांनी बोटानं पडद्यावर एक आकडा दाखवला. पाच मिनिटांत सात टक्के. प्रत्येक खेपेला सात टक्क्यांपर्यंत जाऊन मरत होता.

"मुकादमाला सांग, दोन तास गप्प बस. दुसऱ्या सोबत्याला थांबव, दोघं एकमेकांच्या पायात येतायत. पहिल्याला एकट्याला उठू दे. सव्वा तास लागेल."

"आणि मुख्य?"

"मुख्याकडे बघायचंसुद्धा नाही."

मी तीनशेच्या जागी सात हजार दोनशे लिहिलं. पहिला सोबती पुन्हा पहिल्यापासून उठायला लागला. दहाला दहा मिनिटं कमी होती.

तीनपैकी एक चालू, अजून

आता फोनवर स्वतः ताराताई होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बारीक, शांत आवाज, आणि त्यामागे माणसांचा गलका.

"इंद्रायणीताई, हे लोक मला विचारतायत, मी तुम्हाला विचारते. काय झालंय?"

खैरनार सरांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नेटवर्क', आणि तो माझ्यासमोर धरला.

तसा सरांचा दोष नाही. आमच्या धंद्यात नेटवर्क हे सगळ्यांचं दूरचं नातेवाईक असतं. त्याच्या माथी काहीही मारा, ते भांडायला येत नाही.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "मी काय सांगितलं होतं? मी काय सांगितलं होतं त्या दिवशी? अमावास्येला हात लावला की मशीनबी बंद पडतं! आता तरी ऐका, गाड्या फिरवा!" ते दगूनाना. दोन-चार ट्रॅक्टर चालू झाल्याचाही आवाज आला.

"ताई," मी म्हटलं, "तुमच्याजवळ माइक आहे?"

"आहे. लिलावाचा."

"फोन माइकसमोर धराल?"

सरांनी कागद आणखी जवळ आणला. काकांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि पोह्यांवर झाकण म्हणून ठेवला.

खरखर झाली. माझाच श्वास मला दोनदा ऐकू आला. चारशे माणसांशी मी आयुष्यात बोलले नव्हते. जे आलं ते असं:

"नमस्कार. मी नाशिकहून बोलतेय, तुमच्या टोकनाच्या मशीनचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. मशीन अमावास्येमुळे बंद पडलेलं नाही. आम्ही बंद पाडलंय. मशीनची मोठी दुरुस्ती असली की आम्ही ती नेहमी अमावास्येलाच काढतो, कारण त्या दिवशी तुमचा बाजार बंद असतो. आजही तशीच काढली. तुमचा लिलाव आहे याची आम्हाला कल्पना नव्हती. ती काढली नसती तर तुमचं मशीन आत्ता चालू असतं."

अगदी माइकजवळून एक तरणा आवाज:

"म्हंजी तुमीबी अमावास्या पाळता का काय?"

"हो," मी म्हटलं. "चार वर्षं झाली. गुरुजींना फोन करून वेळ विचारते मी."

आणि मग ते हसू आलं. आधी माइकजवळ, मग लांब, मग सगळीकडून. फोनच्या एवढ्याशा भोंग्यात ते मावत नव्हतं, फाटत होतं. कुणीतरी ओरडलं, "नाना, तुमची पार्टी पार नाशिकच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचली की!" दुसरा म्हणाला, "नाना, मेंबर करून घ्या बाईंना!" पुन्हा हशा. आणि त्यात, मी कान देऊन ऐकलं, दगूनानाही हसत होते. "आरं पण मी कधी कुनाचं मशीन पाडलं का?" असं ते हसता हसता म्हणाले.

चालू झालेले ट्रॅक्टर एकेक करून बंद झाले.

ताराताई पुन्हा फोनवर आल्या. आता माइक नव्हता.

"आम्हाला खरंच कल्पना नव्हती, ताई," मी म्हटलं.

त्या क्षणभर थांबल्या.

"असू दे," म्हणाल्या. "किती वेळ?"

"सव्वा तास. पण तो अंदाज आहे."

"बरं. सव्वा तास थांबतो आम्ही. पाण्याचा टँकर बोलावते. तुम्ही घाई करू नका, काय?"

तीनपैकी एक चालू, अजूनही

चौदा टक्के.

करण्यासारखं काहीही नव्हतं. हे कुणी सांगत नाही, की अशा वेळी सगळ्यांत अवघड काम म्हणजे खुर्चीत बसणं.

एकोणतीस टक्के. सर दोनदा जिना उतरून दोनदा चढले.

चाळीस. गुंजाळचा फोन: "मॅडम, काई नाही, आसाच केला. चहा चाललाय इथं."

त्रेपन्न.

एकसष्ट.

एकसष्ट.

एकसष्ट.

"काका, अडकलं."

"नाही."

"नऊ मिनिटं झाली. एकसष्टवरच आहे. एकदा मारून पुन्हा—"

"हात काढ कीबोर्डवरून."

"काका, त्यांना मी सव्वा तास सांगितलाय!"

"मुकादमानं तेच केलं, आता तू तेच करणार? त्याला बोलायला सवड नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. मेलाय हे माहीत नाही." मग जरा मऊ आवाजात: "वजनकाट्याचा ढीग लागला असेल आता. तो सगळ्यांत मोठा आहे. माझे हात पण सळसळतायत गं. म्हणून तर खिशात घालून बसलोय."

मी बघितलं. खरंच, त्यांचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते. मीही ओढणीत हात गुंडाळून बसले. आम्ही दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखे पडद्यासमोर बसलेलो.

बासष्ट.

मी इतक्या जोरात श्वास सोडला की सर आतून धावत आले.

एकोणऐंशी.

ब्याण्णव.

तीनपैकी दोन चालू

अकरा वाजून एकोणीस मिनिटं. मुकादमानं विचारलं, उठलास का? आणि सोबती म्हणाला, उठलो.

एवढंच झालं. एक ओळ हिरवी झाली. तुंबलेल्या नोंदी मुख्याकडून सोबत्याकडे एका सेकंदाच्या आत गेल्या, आणि फोन वाजायच्या आधीच मला पलीकडचं ऐकू आल्यासारखं वाटलं. फोन वाजलाच.

"निघालं!" गुंजाळ किंचाळत होता. "दोनशे पंधरा! आपोआप निघालं मॅडम, मी हात बी लावला न्हवता! हे बघा दोनशे सोळा!" आणि त्यानं फोन मशीनला लावून मला चिठ्ठी छापल्याचा आवाज ऐकवला. कर्र, कर्र. एवढा गोड आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

आतल्या दोनशे चौदाही जागच्या जागी होत्या. एकही ट्रॉली हलवावी लागली नाही. साडेअकराला लिलाव सुरू झाला. बोली पुकारणाऱ्याचा आवाज फोनमधून येत होता आणि खैरनार सर खुर्चीत बसून गार पोहे खात होते, 'नेटवर्क' लिहिलेला कागद बशीखाली घेऊन.

"लिंबू राहिलं पिळायचं," ते म्हणाले.

कुणीही उठलं नाही. आम्हाला हसायलाच इतकं येत होतं.

तीनपैकी तीन चालू

दुसरा सोबती दुपारी तीनला उठला. मुख्याला आम्ही संध्याकाळी हात लावला, सोनगव्हाणची शेवटची ट्रॉली काट्यावरून उतरल्यावर. त्याची जागा उठलेल्या सोबत्याला द्यायला चाळीस सेकंदही लागले नाहीत.

सहाला ताराताईंचा फोन आला.

"झालं तुमचं?"

"झालं, ताई. तुमचं?"

"चारशे सहा गाड्या. एकही परत गेली नाही. दगूनानांनी स्वतः शेवटचा लिलाव पुकारला. हौस त्यांना." मग म्हणाल्या, "पुढच्या अमावास्येला काय काढताय दुरुस्ती?"

"काही नाही. शपथ."

त्या हसल्या. "जेवलात का?" विचारलं. मी नाही म्हटलं, तर रागावल्या.

पुढच्या वर्षभरात अकरापैकी सात समित्यांनी अमावास्येला बाजार उघडला. आमची सुट्टी गेली. तेव्हापासून आम्ही आवृत्ती बदलतो ती बाजार भरलेला असताना, भर दुपारी. एका वेळी एक डबा, आणि पहिला उठून बोलेपर्यंत दुसऱ्याला हात नाही. खरं तर ही सगळी रचना त्याचसाठी केलेली होती. फाटकावर कुणाला कळतसुद्धा नाही. काका आता नाहीत आमच्याकडे, गावी असतात, पण मुकादमाला दिलेली दोन तासांची मुदत अजून तीच आहे. मी ती कमी करू देत नाही.

अमावास्येचा लिलाव सुरू होत असल्याचं ताराताईंच्या सहीचं पत्र त्या सकाळच्या नऊ दिवस आधी रजिस्टर पोस्टानं आमच्या ऑफिसात आलं होतं. त्यांच्याकडे परत गेलेल्या पोचपावतीवर सही माझी आहे.